पाण्याला 'अ' लावायचा नाही

आमच्या सरांना पाण्याला 'अ' लावलेला अजिबात खपायचा नाही.

पहिल्या दिवशी वर्गात आम्ही सातजणी होतो. सगळ्या नर्स. बारामतीतल्या वेगवेगळ्या दवाखान्यांत ड्यूटी करणाऱ्या आणि परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची म्हणून जमलेल्या. वर्ग म्हणजे मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. सर आले, पिशवीतून स्टीलचा पेला काढला, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी भरलं आणि पेला टेबलावर ठेवला.

"यातलं एक पाणी मला काढून दे," ते मला म्हणाले. मी पहिल्या बाकावर बसले होते, एवढाच माझा गुन्हा.

मी बोट बुडवून वर काढलं. "हे घ्या सर."

"हा थेंब. थेंब एक, दोन, दहा. मी पाणी मागितलं."

मी पेलाच उचलून पुढं केला.

"हा पेला."

मागं सगळ्या हसायला लागल्या. मी म्हणाले, "मग न्हाय निघत सर."

"न्हाय ना निघत? मग त्याला 'अ' लावायचा न्हाय. 'अ' म्हणजे एक. ज्यातलं एक निघतच नाही त्याला एक कसं म्हणायचं?" एवढं बोलून त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं, मिशा पुसल्या आणि पेला पिशवीत ठेवला. त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी तीसएक वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. रिटायर झाल्यावर कऱ्हाटीला घरी राहायचे आणि एसटीनं बारामतीला येऊन आमचा वर्ग घ्यायचे. पांढरा शर्ट, धोतर नाही पण धोतरासारखीच ढगळ पँट, खिशात लाल पेन. व्याकरण सगळंच शिकवायचे, पण जीव अडकला होता 'अ', 'ॲन' आणि 'द' या तीन शब्दांत. त्यातही जे मोजता येत नाही, पाणी, दूध, माती, रक्त, सल्ला, माहिती, त्याच्यापुढं हे शब्द कधी येतात आणि कधी येत नाहीत, हा त्यांचा खास प्रांत.

"मराठीत आपण सल्ले मोजतो, बातम्या मोजतो, डोक्यावरचे केस मोजतो," ते सांगायचे. "इंग्रज मोजत न्हाईत. त्यांच्यात हे शब्द पाण्यासारखे. आपल्या भाषेत 'अ' न्हाय, 'द' न्हाय, आपलं काय अडलंय का? काय न्हाय अडलं. पण पाहुण्याच्या घरी गेल्यावर तो सांगेल तिथंच चपला काढायच्या."

'द' त्यांनी मला बोट दाखवून शिकवला. नुसतं पाणी म्हटलं तर 'द' नाही. पण तू आत्ता सांडलेलं, हे इथलं, माझ्या पायाखालचं पाणी म्हटलं की 'द'. "'द' म्हणजे बोट," ते म्हणायचे. "जिथं बोट दाखवता येतं तिथं 'द'." त्यानंतर कितीतरी दिवस मी वॉर्डात इंग्रजी लिहिताना खरंच बोट दाखवून बघायचे. सिस्टर काय मोजताय, असं पेशंटचे नातेवाईक विचारायचे.

चहाच्या बाबतीत मात्र सरांची अडचण व्हायची. चहा मोजता येत नाही, पण हॉटेलात इंग्रज लोक बिनधास्त 'अ टी' मागतात, कारण तिथं कप मोजतात. हे त्यांना मान्य करावं लागायचं आणि दर वेळी ते जरा नाराज व्हायचे. "त्यांनीच बांधलेल्या भिंतीला त्यांनीच भोक पाडलंय, आपण काय करणार?" असं म्हणून ते घोट घ्यायचे.

आमच्या वर्गात तबस्सुम होती. तिच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान सरांच्या वाटेवरच होतं. दुकानावर इंग्रजीत मोठी पाटी, आणि पाटीवर फर्निचरच्या शेवटी एक जास्तीचा 'एस'. फर्निचर्स. सर एसटीतून उतरले की रोज त्या पाटीखाली थांबायचे, वर बघायचे आणि दातदुखी असल्यासारखं तोंड करून पुढं जायचे. शेवटी एक दिवस आत गेले. पुढं काय झालं ते तबस्सुमनं आम्हाला सांगितलं.

"चाचा, तुमच्या पाटीवर एक अक्षर जास्त हाय."

चाचांनी सरांना खुर्ची दिली. "मास्तर, माझ्याकडं एकच खुर्ची असती तर मी फर्निचर लिवलं असतं. हितं चाळीस खुर्च्या हायत, बारा कपाटं हायत. आता सांगा, फर्निचर्स का न्हाय?"

"चाळीस लाख असल्या तरी फर्निचरच."

"ह्यो तर अन्याय झाला की धंद्यावर."

दोन महिने हा वाद चालला. सर रोज पाच मिनिटं दुकानात बसायचे, चहा प्यायचे आणि तोच विषय काढायचे. चाचांना शब्द पटला होता, पण 'एस' पुसला तर पाटीवर मोकळी जागा दिसेल आणि गिऱ्हाइकाला वाटेल काहीतरी गळून पडलंय, ही त्यांची काळजी. मग सरांनीच तोड काढली. एका रविवारी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले, चाचांनी शिडी धरली, आणि सत्तरीच्या घरातल्या आमच्या सरांनी वर चढून 'एस'च्या जागी लाल रंगानं एक खुर्ची काढली. खुर्चीचा एक पाय आखूड झाला. चाचा खाली उभं राहून म्हणाले, "मास्तर, असली खुर्ची आमी इकत न्हाय." पण पाटी तशीच ठेवली.

सर नेहमी असे गमतीचेच होते असं नाही. आमच्यातल्या एकीनं एकदा सरावासाठी पेशंटची हकिकत लिहिली. पेशंटला उलटीतून रक्त आलं, हे तिनं 'अ ब्लड केम' असं लिहिलं. सरांनी वाचलं आणि हसत सुटले. "एक रक्त आलं! एकच? बाकीचं कुठं गेलं?" सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले. ती खाली मान घालून बसली आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर आमच्या दवाखान्याच्या फाटकाशी उभे. तीही माझ्याच दवाखान्यात होती. ती बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मी वाक्याला हसलो पोरी, तुला न्हाय." ती म्हणाली, "कळलं सर." पण वर्गात काही परत आली नाही.

त्या दिवशी सर आणि मी स्टँडापर्यंत चालत गेलो. वाटेत त्यांनी सांगितलं, ते कऱ्हाटीहून पहिल्यांदा कॉलेजात गेले तेव्हा निबंधात त्यांनी लिहिलं होतं, दूध पांढरं असतं. दुधाच्या आधी 'द' घातला होता. प्राध्यापकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "कुठलं दूध? तुझ्या शेळीचं का?" सगळा वर्ग हसला. वर्षभर त्यांना मुलं शेळी म्हणून हाक मारायची.

"त्या दिवशी ठरवलं, ह्या तीन शब्दांत मला पुन्हा कोण धरू शकणार न्हाय," सर म्हणाले. थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "आणि परवा मी तेच केलं. बघ."

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या वर्गात कधी आल्या नाहीत, पण त्यांचा डबा यायचा. आमच्यातल्या कुणाला ड्यूटीवरून थेट वर्गाला यावं लागलं तर सर पिशवीतून भाकरी आणि मिरचीचा खर्डा काढायचे. मी पहिल्यांदा कऱ्हाटीला त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू मेथीच्या जुड्या बांधत होत्या. कालव्याचं पाणी मिळणारा त्यांचा एवढासा तुकडा, त्यात त्या मेथी, वांगी, कोथिंबीर करायच्या आणि बाजारात पाठवायच्या.

"ह्यांचं समदं आयुष्य एका अक्षरात गेलं बघ," काकू मला म्हणाल्या. मग सरांकडं वळून, "आवं, भाकरी मोजता येती का न्हाय तुमच्या इंग्रजीत?"

"ब्रेड न्हाय येत. भाकरी येती," सर म्हणाले.

"मग आमचीच भाषा शाणी," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढं दोन भाकरी ठेवल्या.

त्यानंतर वर्षभरानं काकूंना आमच्याच दवाखान्यात आणलं. सकाळी मेथी काढता काढता त्या एका अंगावर कलंडल्या होत्या. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घातलं. मी वॉर्डात होते. स्ट्रेचरवर काकूंचं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबत होता, आणि मागून सर. पायांत दोन वेगळ्या चपला. मेंदूत रक्ताची गाठ होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

सहा दिवस काकू डोळे उघडायच्या, मिटायच्या, पण कुणाकडं बघायच्या नाहीत. सर कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसून असायचे. सातव्या दिवशी सकाळी मी औषधांची ट्रॉली घेऊन गेले तर ते उठून उभे होते, हातात काकूंची फाइल. नातेवाईकांनी फाइल वाचायची नसते. मी घ्यायला हात पुढं केला.

"हे वाक्य वाच," ते म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी संध्याकाळी लिहिलेलं होतं. 'लिटल रिस्पॉन्स टू ट्रीटमेंट.'

"थोडा रिस्पॉन्स आहे म्हणतायत सर," मी म्हणाले. मला तर बरं वाटलं होतं.

"'अ' कुठाय?"

"काय?"

"'अ लिटल' म्हणजे थोडा हाय. नुसतं 'लिटल' म्हणजे जवळजवळ न्हायच." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता. "हे तुम्हाला मी अजून शिकवलं न्हाय. दिवाळीनंतर घेणार होतो."

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. एक शब्द नव्हता. तो डॉक्टरांनी जाणून लिहिला नव्हता की घाईत राहिला होता, ते कागदावरून कळायला मार्ग नव्हता. राहिला असेल तर काकू थोड्या सुधारत होत्या. जाणून लिहिला नसेल तर आम्हाला जे ऐकायचं नव्हतं तेच तिथं लिहिलेलं होतं.

"तुझ्या डॉक्टरला इंग्रजी येतं का?" सरांनी विचारलं.

"येतं की सर. डॉक्टर आहेत."

"तसं न्हाय ग. 'अ' येतो का?"

मी कधी बघितलंच नव्हतं. मी खिडकीच्या उजेडात फाइल धरली आणि मागची पानं उलटायला लागले. डॉक्टरांचं अक्षर वाचायची मला सवय होती, सरांना नव्हती. सर माझ्या खांद्यावरून बघत होते. ताप आहे, बीपी जास्त आहे, इंजेक्शन द्या. या वाक्यांत 'अ' नसला तरी चालतो, सर प्रत्येक वाक्याला मान हलवायचे आणि पुढं म्हणायचे. शेवटी मी पहिल्या पानावर आले, काकूंना दाखल केलं त्या दिवशीच्या. तिथं डॉक्टरांनी पूर्ण वाक्य लिहिलं होतं. 'पेशंट इज ओल्ड लेडी फ्रॉम कऱ्हाटी.'

सरांनी माझ्या हातावर हात मारला. "ॲन खाल्लाय! ओल्ड लेडीच्या आधीचा ॲन खाल्लाय बघ!"

आसपासचे लोक वळून बघायला लागले. सरांचे डोळे भरले होते. जी चूक दिसली की त्यांचं लाल पेन आपोआप बाहेर यायचं, ती चूक ते पुन्हा पुन्हा वाचत होते. "पुढं बघ, अजून एखादी हाय का," ते म्हणाले. अजून दोन सापडल्या. प्रत्येक चुकीला ते "छान, छान" म्हणत होते.

तरीही 'लिटल'च्या आधीचा 'अ' घाईत राहिला, हा आमचा अंदाजच होता. डॉक्टर राउंडला आले ते अकरा वाजता. सर भिंतीला टेकून उभे राहिले. मीच फाइल पुढं केली.

"डॉक्टर, हे तुम्ही नुसतं 'लिटल' लिहिलंय, का 'अ लिटल'?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, मला अजून वीस पेशंट बघायचेत."

"सर इंग्रजीचे शिक्षक आहेत. काकू त्यांच्या मिसेस. त्यांना कळायचंय की रिस्पॉन्स आहे का नाही."

डॉक्टरांनी सरांकडं पाहिलं, मग त्यांच्या पायांतल्या वेगवेगळ्या चपलांकडं. फाइल माझ्याकडून घेतली. "अहो, थोडा रिस्पॉन्स आहे म्हणूनच लिहिलंय ना. काल उजव्या हाताची बोटं हलली. पूर्ण बऱ्या होतील असं मी सांगत नाही. पण सुधारतायत."

"मग डॉक्टर," सर भिंतीपासूनच बोलले, "'अ' राहिलाय."

डॉक्टर हसले नाहीत याचं मला अजून बरं वाटतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, 'लिटल'च्या आधी 'अ' लिहिला, बाजूला छोटी सही केली आणि पुढच्या कॉटकडं गेले. सर स्टुलावर बसले आणि त्यांनी काकूंची उजवी बोटं दोन्ही हातांत धरून ठेवली. ती पुन्हा कधी हलतात ते बघत जेवणाची वेळ होऊन गेली तरी बसून होते.

काकू वाचल्या. चालायला लागल्या, काठीनं. वाचाही आली, पण शब्द जागेवर राहिले नव्हते. दहाव्या-बाराव्या दिवशी त्यांनी पेल्याकडं बघून पहिला शब्द उच्चारला, तो "कुलूप".

"काकू, पाणी म्हणा," मी म्हणाले. "पा-णी."

"कुलूप," काकू म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच कळत होतं की हे ते नव्हे. त्या रडायला लागल्या.

सर उठले, पेला भरला आणि त्यांच्या ओठांना लावला. "घे, हे घे कुलूप," ते म्हणाले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "असू दे. तिनं मागितलं, आपल्याला कळलं. झालं की."

घरी गेल्यावर वाचा सुधारायचे व्यायाम त्यांनी चुकवले नाहीत. सकाळी अर्धा तास ते काकूंना चित्रं दाखवून शब्द म्हणून घ्यायचे. पण तो अर्धा तास संपला की बाकीचा सगळा दिवस काकू म्हणतील तो शब्द बरोबर. बारामतीचा वर्ग त्यांनी बंद केला. माझी परीक्षा राहिली होती म्हणून सुट्टीच्या दिवशी मी माझ्या गावाहून, निमगाव केतकीहून, बारामतीला आणि तिथून मोरगावच्या एसटीनं कऱ्हाटीला जायचे. ओसरीवर बसून सर मी परीक्षेच्या सरावासाठी लिहिलेल्या पत्रांतल्या चुका काढायचे. आतून काकूंनी काहीतरी म्हटलं, "आवं, बैलगाडी," किंवा "गुरुवार," की माझं वाक्य अर्ध्यावर सोडून ते आत जायचे. कधी शाल घेऊन, कधी गोळी घेऊन. पहिल्यांदा चुकायचे. चुकीची वस्तू नेली तर काकू चिडायच्या, मग ते दुसरी न्यायचे, तिसरी न्यायचे. बरोबर सापडली की बाहेर येऊन एका शंभर पानी वहीत टिपून ठेवायचे.

"हिची भाषा शिकतोय," ते म्हणाले. "लई अवघड हाय. नियम सापडंना अजून."

मी परीक्षा पास झाले. आयर्लंडला निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांना भेटायला गेले तेव्हा वही अर्ध्याच्या पुढं भरली होती.

सर गेले तेव्हा मी तिकडंच होते. तबस्सुमचा फोन आला. हार्ट अटॅक. ड्यूटी संपवून मी बाहेर आले आणि एका बाकावर बसून राहिले. तिथल्या एका बाईनं मला काय झालं म्हणून विचारलं. मला इंग्रजीत काही सांगता येईना.

या वर्षी सुट्टीवर आले तेव्हा कऱ्हाटीला गेले. पुण्याहून मुलगा आणि सून आता तिथंच राहायला आलेत. सुनेनं मला ओळखलं. काकू ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या, मेथी निवडत, डाव्या हातानं. मला बघून हसल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "साखर आली." सून म्हणाली, "तुम्हाला साखर म्हणतात. वहीत आहे." मी वही मागितली नाही. आम्ही बराच वेळ बसलो. मी तिकडच्या थंडीचं सांगितलं, काकू मान हलवत राहिल्या.

उन्हं उतरली. काकूंनी मेथी बाजूला ठेवली आणि रस्त्याकडं बघून विचारलं, "चिमणी?"

सून आत होती. मला वाटलं त्यांना काहीतरी हवंय. मी शाल पुढं केली, त्यांनी मान हलवली. पाणी दिलं, ते त्यांनी हातानं बाजूला सारलं. पुन्हा रस्त्याकडं बघून म्हणाल्या, "चिमणी?"

मी आत जाऊन सुनेला विचारलं. तिनं पोळीचं पीठ मळता मळता कोनाड्याकडं मान वळवली. "वहीत बघा. रोज ह्या वेळेला म्हणतात. मला अजून उत्तर द्यायला जमत नाही."

वही घेऊन मी दारातल्या उजेडात आले. सरांचं गोलसर अक्षर. बैलगाडी, शाल. गुरुवार, रक्तदाबाची गोळी. कुलूप, पाणी. तीन पानं उलटल्यावर सापडलं. ओळीच्या डाव्या बाजूला चिमणी, आणि उजव्या बाजूला फक्त एक शब्द. मी.

मी ओसरीवर गेले, काकूंच्या पायाशी बसले. त्यांनी पुन्हा विचारलं.

"न्हाय काकू," मी म्हणाले. "चिमणी न्हाय यायची आता."

काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं. मग मेथीची जुडी पुन्हा मांडीवर ओढली, अर्धी माझ्यापुढं सारली, आणि आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत पानं खुडत बसलो.